चाचीनं आणलेले फॉर्म

बुलडाण्याजवळच्या धाड या बाजारगावापासून सहा-सात किलोमीटरवरच्या एका गावात मी सहा वर्षं शिक्षक होतो. चार खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा आणि आम्ही दोघे शिक्षक. रुजू झालो त्याच्या दुसऱ्याच वर्षी तहसीलमधून आदेश आला आणि मी गावचा बीएलओ झालो. म्हणजे मतदार यादीचा कारभार माझ्याकडे आला. अठरा पूर्ण झालेल्यांची नावं घालायची, वारलेल्यांची काढायची, लग्न होऊन आलेल्या-गेलेल्यांची बदलायची, मतदानाआधी घरोघरी चिठ्ठ्या वाटायच्या. हे सगळं शाळा सांभाळून. मी ते काम मागितलं नव्हतं आणि नाकारायची सोयही नव्हती. पहिली दोन वर्षं जेवढ्यास तेवढं केलं.

तिसऱ्या वर्षी बुलडाण्याला बैठक होती. नायब तहसीलदारांनी यादी चाळली आणि विचारलं, "गुरुजी, तुमच्या गावात बाया राहत नाहीत का?" सभागृहात लोक हसले. मीही हसलो. परत आल्यावर शाळेत यादी उघडून बसलो तेव्हा प्रश्न बरोबर होता हे कळलं. मुलगे अठराचे झाले की वर्षभरात यादीत येत होते. सुना येत नव्हत्या. दहा-दहा वर्षं गावात नांदणाऱ्या, ज्यांची मुलं माझ्याच वर्गात होती, अशा बायका यादीत नव्हत्या. त्यांची नावं माहेरच्या यादीत राहिली होती, नाहीतर कुठंच नव्हती.

मी संध्याकाळी शाळा सुटल्यावर फिरायला लागलो. दारात उभं राहून आवाज दिला की पुरुष बाहेर येई. चहा घ्या म्हणे. सुनेचं नाव घालायचं आहे म्हटलं की, "राहू द्या ना गुरुजी, तिचं माहेरी हाये," असं उत्तर येई. माहेरी जाऊन ती कधी मत देते का, असं विचारलं की तो हसे. एका घरी सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी त्यांना धाकट्या सुनेचं नाव विचारलं. त्या विचारात पडल्या.

"आमी तं तिले धाकलीच म्हनतो," त्या म्हणाल्या. मग आत वळून विचारलं, "अवं, तुहं नाव काय लिवलं कागदावर?"

आतून उत्तर आलं नाही. पुरुषमाणूस दारात असताना ती बोलणार नव्हती. मी दोन आठवडे फिरलो आणि भरून झालेले फॉर्म एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते.

त्या गावात दर आठवड्याला धाडहून एक बांगड्यावाली यायची. वय साठीच्या पुढे, अंगावर फिकट ओढणी, डोक्यावर बांगड्यांची टोपली आणि हातात एक पिशवी. तिचं घराणंच बांगड्या विकणारं. सासूही याच गावांतून फिरायची. गावातल्या सगळ्या बायका तिला चाची म्हणत, म्हणून मुलंही म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. दुपारच्या सुट्टीच्या सुमारास ती शाळेच्या ओसरीत टोपली उतरवून पाणी प्यायची आणि घटकाभर टेकायची. चार वर्षांत आमचं बोलणं पाण्यापुरतंच झालं होतं.

त्या दिवशी मी ओसरीत बसून कोरे फॉर्म चाळत होतो. तिनं विचारलं, "काय हाये मास्तर, परीक्षाचे कागद?"

मी सांगितलं. यादी, सुना, नावं कळत नाहीत, सगळं. का सांगितलं ते आठवत नाही. बहुधा दुसरं कोणी ऐकायला नव्हतं म्हणून.

"कोनाच्या घरचं पाहिजे?" तिनं विचारलं.

मी समोरच्या गल्लीतलं पहिलं घर सांगितलं. तिनं मोठ्या सुनेचं नाव सांगितलं, धाकटीचं सांगितलं, धाकटीचं माहेरचं नाव वेगळं हेही सांगितलं आणि तिचं माहेर भोकरदनच्या बाजूला कोणत्या गावी ते सांगितलं. मी दुसरं घर विचारलं. तिसरं विचारलं. ती न थांबता सांगत गेली. मला वाटलं तिला यादीच पाठ आहे.

"तुम्हाला एवढं कसं ध्यानात राहतं?"

"माप ध्यानात ठेवा लागते ना," ती म्हणाली. "ही दोन-चारवाली, ही दोन-सहावाली. माप नावासंग राहते. अन् मास्तर, तुमी दरवाज्यात उभे राहता. दरवाज्यात मर्द येते. मी आंगनात बसतो, तिथं बाया येतात."

मी तिला काही फॉर्म दिले. कसे भरायचे ते सांगायला लागलो तर ती म्हणाली, वाचता येत नाही, काय काय आणायचं तेवढं सांगा. मी सांगितलं: फोटो, आधारची झेरॉक्स, घरातल्या कोणाचं तरी यादीतलं नाव, आणि सही नाहीतर अंगठा. बाकीचं मी लिहून घेईन. बाहेरच्या माणसानं असे गठ्ठ्यानं फॉर्म आणून देणं नियमात बसत नाही, हे मला त्या वेळीही माहीत होतं. पण एकदोन आठवड्यांत काही येणार नाही असंच मी धरून चाललो होतो.

पुढच्या आठवड्यात तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा काढून दिला. प्रत्येक फॉर्मला झेरॉक्स आणि फोटो टाचणीनं लावलेला. बचत गटाचं खातं काढताना घेतलेले फोटो होते बहुतेक. काहींच्या सह्या होत्या, वर्गातल्या मुलांसारख्या गोल अक्षरात. एकीचे दोन अंगठे होते, कारण पहिला नीट उठला नव्हता.

ती हे कसं करते ते मला पाहायचं होतं. एका रविवारी ती येणार म्हणून मुद्दाम गावात थांबलो आणि आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींच्या अंगणात, जरा लांब खाटेवर बसलो. सातआठ बायका जमल्या होत्या. चाची एकीचा हात मांडीवर घेऊन त्याला साबण लावत होती. बोटं एकत्र दाबून बांगडी मुठीवरून आत सरकेपर्यंत ती बाई हलू शकत नव्हती, आणि चाची तेवढ्यात बोलत होती. भाषण असं काही नव्हतंच.

"तुह्या नावाचा एखांदा कागद हाये का घरात?"

"आधार हाये."

"त्याच्यावर कोनतं नाव?"

"माहेरचं."

"अन् मत कुठं देतं तू?"

"कुठीच नाही."

बाजूला बसलेली एक बाई, तिच्या कडेवर लहान मूल होतं, म्हणाली, "मत देऊन काय भेटते चाची?"

"काही नाही भेटत," चाची म्हणाली. "मले तं आजपावतो काही नाही भेटलं. तिथं पडद्याआड एकटी उभी राहतं, कोनी विचारत नाही, कोनी पाहत नाही. तेवढंच." मग तिनं हात बदलला. "दुसरा दे."

त्या बाईनं त्याच दिवशी फॉर्म भरला की नाही मला माहीत नाही. पण महिनाभरात आडव्या गल्लीतली, मागच्या वस्तीवरची, शेतात राहणाऱ्या घरांतली नावं माझ्याकडे आली. दिवसभर मजुरीला जाणाऱ्या बायकांना चाची पहाटे बसस्टँडवर गाठायची. मी रात्री जेवणाआधी फॉर्म भरायचो आणि शनिवारी तहसीलला नेऊन द्यायचो. नायब तहसीलदार एकदा म्हणाले, "चांगलं काम चाललंय गुरुजी." मी चाचीचं नाव घेतलं नाही. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

गावात एक माजी सरपंच होते. मोठी शेती, ट्रॅक्टर, मळणी यंत्र. बोलायला मोकळे. शाळेच्या कुंपणाला त्यांनीच मदत केली होती. त्यांच्या घरात दोन सुना होत्या आणि दोघींचीही नावं यादीत नव्हती. एके दिवशी त्यांनी मला रस्त्यात थांबवलं.

"गुरुजी, ते बांगड्यावाली काऊन कागद घेऊन फिरून राह्यली?"

मी म्हटलं, मदत करते आहे.

"कोनाची मदत? ते इथली नाही. ग्रामपंचायतचं इलेक्शन समोर हाये. कोनते नाव कोन टाकून राह्यलं, कोनाच्या सांगन्यावरून, आमाले समजलं पाहिजे ना." आवाज चढवला नव्हता. "आमच्या घरच्या बायाइले मत देऊ देत नाही असं नाही. पन ते घरात ठरते."

त्यांचं पॅनल मागच्या वेळी थोडक्या मतांनी आलं होतं. नवीन नावं कुठं जातील याचा अंदाज त्यांना येत नव्हता. मला ते समजत होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही, पण पारावर दुसऱ्यांनी बोलून दाखवली, की बाई मुसलमान आहे, तिच्या मागं कोणीतरी असणार. गावात मुसलमानांची चार घरं होती, त्यातली दोन तर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी. असं याआधी कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

दहाबारा दिवसांनी तहसीलमधून फोन आला आणि मी गेलो. अर्ज आला होता. बाहेरगावच्या बाईमार्फत बोगस नावं टाकली जात आहेत, बीएलओची संमती आहे, असा मजकूर. माझ्यासमोर तो वाचून दाखवला. खाली तीस-चाळीस सह्या होत्या. काही सह्या माझ्या विद्यार्थ्यांच्या वडिलांच्या होत्या.

"ही बाई तुमच्या सांगण्यावरून फिरते का?" नायब तहसीलदारांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाही साहेब. मी तिला ओळखत नाही. बांगड्या विकायला येते, एवढंच माहीत आहे. फॉर्म लोकांनी शाळेत आणून दिले."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी सही केली. सगळं पाच मिनिटांत झालं. बाहेर येऊन मी कँटीनमध्ये चहा घेतला. मला सुटल्यासारखं वाटत होतं, हे सांगायला हवं. माझी बदली जवळ आली होती, मुलीचं बारावीचं वर्ष होतं आणि कारणे दाखवा नोटीस मला नको होती. ही कारणं मी त्या वेळी मनात मांडली होती आणि ती खोटी नव्हती.

सगळे फॉर्म बाजूला काढले गेले. नावं नामंजूर झाली नव्हती, पण प्रत्येक बाईनं ठरलेल्या रविवारी स्वतः शाळेत येऊन, कागद दाखवून, माझ्यासमोर सही करायची होती. मंडळ अधिकारी हजर राहणार होते. जी येणार नाही तिचा फॉर्म निकाली, म्हणजे रद्द.

पुढच्या आठवड्यात चाची आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मावशींनी सांगितलं की बसस्टँडवरच तिला दोघांनी थांबवलं आणि या गावात आता यायचं नाही असं सांगितलं. मारहाण, शिवीगाळ काही नाही. तिनं विचारलं, मास्तर काय म्हणतात? त्यांनी सांगितलं, मास्तरनं तर तुला ओळखतच नाही असं लिहून दिलं. ती त्याच बसनं परत गेली.

धाडच्या बाजाराला मी गेलो. बांगड्यावाल्यांची ओळ कापडाच्या दुकानांच्या मागं लागते. तिची पथारी तिथं होती, वर जुन्या साडीचा पडदा ताणलेला. समोर दोन पोरी बांगड्या निवडत होत्या. त्या जाईपर्यंत मी उभा राहिलो.

"बसा मास्तर," ती म्हणाली.

मी बसलो आणि सांगितलं की मी तहसीलमध्ये असं असं बोललो.

"मले समजलं."

"मला नोकरीची भीती वाटली."

"हाव. वाटतेच." तिनं बांगड्यांचा तोडा उचलून परत ठेवला. "पन ओळखत नाही असं नव्हतं म्हनाचं. फॉर्म आनले नाही म्हनले असते तं चाललं असतं. चार साल तुमच्या शाळेचं पानी पेली मी."

ती रडली नाही, रागावलीही नाही. मग तिनंच विचारलं, "त्या कागदाइचं काय झालं?"

मी रविवारचं सांगितलं. म्हणालो, मी दवंडी देऊ शकतो, पण दवंडी पुरुष ऐकतात.

"मी कशी सांगू? मले येऊ देत नाहीत." मग तिनं समोरच्या गर्दीकडं पाहिलं. "बाजाराले तं येतात ना त्या."

रविवारच्या आधी एकच बाजार उरला होता. त्या दिवशी मी धाडला गेलो नाही. काय घडलं ते मला नंतर वेगवेगळ्या बायकांकडून कळलं. भाजी घ्यायला आलेल्या आमच्या गावच्या प्रत्येक बाईला तिनं हाक मारून बसवलं होतं. ज्या आल्या नव्हत्या त्यांना निरोप दिला होता. दोघींना तर नको असताना बांगड्या भरल्या, कारण त्यांचे नवरे जवळच उभे होते आणि बोलायला वेळ हवा होता.

रविवारी सकाळी नऊला मंडळ अधिकारी आले. मी वर्गातली टेबलं ओसरीत मांडली. दहा वाजले, अकरा वाजले. कोणी आलं नाही. पारावर पाचसहा माणसं बसली होती, तिथून शाळेचं फाटक दिसत होतं. मंडळ अधिकारी मोबाईल पाहत होते. म्हणाले, "बारापर्यंत पाहू, मग पंचनामा करून टाकू."

साडेअकराच्या सुमारास फाटकातून माजी सरपंचांच्या बायको आत आल्या. साठीच्या बाई, नऊवारी, डोक्यावर पदर. मागं दोन्ही सुना. त्या कधी शाळेत आल्याचं मला आठवत नाही. मी उठून खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"माहं नाव हाये यादीत," त्या म्हणाल्या. "याइचं नाही. याइचं घ्या."

मी सुनांचे फॉर्म शोधले. तिथं नव्हते. त्या घरातून फॉर्म आलेच नव्हते, चाची तिथं गेलीच नव्हती. मी तसं सांगितलं.

"मंग आता भरा ना. बाजारात सांगतलं चाचीनं, कागद आनले आमी."

मंडळ अधिकारी म्हणाले, "आजी, घरी विचारलंय ना?"

"घरी मीच हाये," त्या म्हणाल्या. "बाकी त्याइले मी सांगीन. तुमी कायले इचारता?"

थोरल्या सुनेनं पिशवीतून कागद काढले. मी लिहायला लागलो. धाकटीची सही वळणदार होती. बारावी झाली होती ती. त्या तिघी फाटकातून बाहेर पडून पारासमोरून गेल्या, आणि मग बाकीच्या येऊ लागल्या. दोघी-तिघी मिळून, शेतातून थेट, हातात विळा असलेल्या, मुलं घेऊन. काहींच्या सोबत नवरेही होते. अडीच वाजेपर्यंत आम्हाला पाणी प्यायला सवड मिळाली नाही. सगळ्या आल्या असं नाही. गठ्ठ्याच्या तळाशी काही फॉर्म तसेच राहिले आणि ते निकाली निघाले.

ओसरीत ओळ उभी असताना एक बाई माझ्यासमोर आली, आणि मी फॉर्मवरचं नाव वाचलं तर ती गप्प. मी पुन्हा वाचलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अवं तुहंच नाव हाये थे." ती म्हणाली, "हाव, माहंच." आणि हसली. लग्नानंतर त्या नावानं तिला कोणी हाक मारली नव्हती.

संध्याकाळी अहवाल लिहायचा होता. मंडळ अधिकारी निघून गेले होते. छापील तक्ता भरून झाल्यावर मी वेगळ्या कागदावर अर्धं पान लिहिलं: सदर फॉर्म अमुक बाईंनी माझ्या विनंतीवरून गोळा केले, मी आधी दिलेला जबाब खरा नव्हता, त्यांच्यावर कोणताही ठपका ठेवू नये. ते घेऊन सोमवारी तहसीलला गेलो. नायब तहसीलदारांनी वाचलं.

"आता कशाला हे? विषय मिटला ना."

मी म्हणालो, राहू द्या फाईलला.

महिन्यानं नोटीस आली. मी खुलासा दिला. त्यानंतर काहीच झालं नाही. पगारवाढ थांबली नाही, बदलीवर परिणाम झाला नाही. ज्या गोष्टीला मी घाबरलो होतो ती एवढीच होती.

ग्रामपंचायतीच्या मतदानाला बायकांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. निकाल लागला तेव्हा माजी सरपंचांचंच पॅनल आलं, आणि आधीपेक्षा जास्त मतांनी. ते मला भेटले तेव्हा पेढा हातावर ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या नव्या बाया कामी आल्या गुरुजी." कोणी कोणाला मत दिलं हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. त्यांच्या घरी त्या रविवारी काय बोलणं झालं तेही मला कधी कळलं नाही. एवढं दिसलं की पुढच्या महिला ग्रामसभेला, जी दरवर्षी फक्त रजिस्टरवर भरायची, पंधराएक बायका खरोखर येऊन बसल्या. त्यांनी वस्तीवरच्या हातपंपाचं विचारलं. हातपंप दुरुस्त व्हायला पुढं बरेच महिने लागले.

बायकांनीच चाचीला परत बोलावलं. माजी सरपंचांच्या बायकोनंही निरोप पाठवला होता असं मावशी म्हणाल्या. पण ती आली नाही. गुडघे दुखतात, टोपली उचलत नाही, असं तिनं कळवलं. ते खरंही असेल. तिच्या जागी कोणीच आलं नाही. बायका आता बांगड्या भरायला धाडला जातात.

माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वरवट बकालच्या बाजूला झाली. सामान नेण्याआधी मी बाजारात जाऊन तिला भेटलो. फाईलला लावलेल्या कागदाचं सांगितलं. ती ऐकत होती, पण समोर एका नव्या नवरीचा हात तिच्या हातात होता आणि लक्ष तिकडं होतं. बांगडी आत गेल्यावर तिनं विचारलं, "तिकडच्या गावात बाया हायेत का यादीत?"

मी म्हणालो, माहीत नाही, तिथं हे काम माझ्याकडे नाही.

"मंग कोनाकडं हाये?"

"अंगणवाडीच्या ताईकडं."

"ते बरं झालं," ती म्हणाली, आणि नवरीचा दुसरा हात मागितला.